माँ ब्लाँच्या बर्फातली मुंबई

मंडळी, मे महिना संपत आला की दोह्यातल्या प्रत्येक मराठी घरात एकच विषय सुरू होतो: "यंदा सुट्टीत कुठे?" निम्मी सुट्टी पुण्या-मुंबईला, सासर-माहेरच्या वाटणीत जाते, हे ठरलेलंच. उरलेले आठ-दहा दिवस मात्र आपले. गेल्या वर्षी आमच्या मुलाने जाहीर केलं, की त्याला 'खरा' बर्फ बघायचा आहे. व्हिलाजिओ मॉलमधल्या रिंकवरचा नव्हे, डोंगरावरचा. हट्ट काही वावगा नव्हता. आपल्या कतारचं सर्वांत उंच ठिकाण जेमतेम १०३ मीटर. नदी नाही, डोंगर नाही, जिकडे बघावं तिकडे चुनखडीचं पठार आणि वाळू. इथे वाढलेल्या मुलाला हिमनदी म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातलं चित्र!

दोह्याहून जिनिव्हाला थेट विमान आहे. तिथून बसने दीड तासात फ्रान्समधलं शामोनी. हॉटेलांची चैन न करता पाठीवर सॅक टाकून, वसतिगृहात राहून फिरायचं ठरवलं. शेंगेन व्हिसाची कागदपत्रं गोळा करणं हाच या मोहिमेतला सर्वांत अवघड चढ होता, असं आमच्या सौ. अजून सांगतात. असो. हा लेख काही प्रवासवर्णन म्हणून लिहायला घेतलेला नाही. शामोनीच्या बर्फावर गाईडसोबत चालताना एक इतिहास कळला, तो आपल्या सगळ्यांच्या जवळचा आहे म्हणून लिहितोय. युरोपातल्या त्या सर्वांत प्रसिद्ध डोंगराच्या बर्फात मुंबईहून निघालेली दोन विमानं विसावली आहेत. आणि तो बर्फ, थोडं थोडं करून, ती परत देतो आहे.

वाहणारा बर्फ

आधी हिमनदी म्हणजे काय ते थोडक्यात. उंच डोंगरावर पडलेला बर्फ उन्हाळ्यात पूर्ण वितळला नाही, की त्याच्यावर पुढच्या वर्षीचा थर बसतो. असे थरावर थर चढत गेले, की खालचा भुसभुशीत बर्फ दाबला जाऊन त्यातली हवा निघून जाते आणि त्याचा घट्ट, निळसर बर्फ होतो. हा ढीग पुरेसा जाड झाला, की स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकू लागतो. म्हणून ती नदी. मधला बर्फ वेगाने जातो, काठाचा खडकाला घासत हळू जातो. उतार एकदम वाढला की बर्फाला तडे जातात आणि खोल भेगा पडतात. कडेला आणि टोकाला वाहून आणलेल्या दगडधोंड्यांचे ढीग साचतात, त्यांना हिमोढ म्हणतात.

यातली मुख्य गोष्ट अशी, की वरच्या टोकाला बर्फात जे पडेल ते आत गाडलं जातं, बर्फाबरोबर खाली येतं आणि जिथे बर्फ वितळतो तिथे उघडं पडतं. बर्फ काही गिळून टाकत नाही, फक्त उशीर लावतो. पुढचा सगळा इतिहास या एका नियमावर उभा आहे.

अरबी वेशातला इंग्रज

शामोनी आज पर्यटकांनी गजबजलेलं असतं. अठराव्या शतकात मात्र ते गरीब डोंगरी खेडं होतं. भोवतालच्या हिमनद्यांना लोक भीत असत. १७४१ साली विल्यम विंडहॅम आणि रिचर्ड पोकॉक हे दोन इंग्रज नोकरचाकर आणि हत्यारं घेऊन तिथे पोचले. यातला पोकॉक नुकताच इजिप्त, पॅलेस्टाइन असा मोठा प्रवास करून परतला होता, आणि वाटेत तो अरबी पोशाख घालून लोकांना चकित करत असे, असं सांगतात. म्हणजे बघा, आल्प्सच्या हिमनद्यांची कीर्ती युरोपभर पोचवणाऱ्या पहिल्या पाहुण्यांपैकी एक जण आपल्या या अरबी मुलखाकडूनच गेलेला!

या दोघांनी गावातले काही शिकारी आणि स्फटिक शोधणारे लोक सोबत घेतले आणि मोंतांवेरच्या कड्यावर चढून खालच्या हिमनदीवर उतरले. वादळात खवळलेलं पाणी एकाएकी गोठावं तसं ते दृश्य आहे, अशा अर्थाचं वर्णन विंडहॅमने लिहिलं. त्यावरूनच त्या हिमनदीला मेर द ग्लास, म्हणजे 'बर्फाचा समुद्र', हे नाव पडलं. गाईडसोबत हिमनदीवर फिरायला जाणं या आजच्या उद्योगाची सुरुवात कुठे, असं विचारलं तर उत्तर बहुधा हेच.

आपल्याकडे हरिश्चंद्रगडावर किंवा रतनगडावर जाताना पायथ्याच्या गावातला वाटाड्या घेतात ना, तसेच हे लोक. त्यांना शिखरांत रस नव्हता. रानबकऱ्यांची शिकार आणि स्फटिक विकून पोट भरायचं, त्यासाठी डोंगराच्या वाटा पाठ. पुढे जिनिव्हाचा शास्त्रज्ञ सोस्यूर १७६० मध्ये शामोनीला आला आणि माँ ब्लाँच्या माथ्याची वाट शोधणाऱ्याला त्याने बक्षीस जाहीर केलं. छब्बीस वर्षं ते कोणाला मिळालं नाही. अखेर ८ ऑगस्ट १७८६ रोजी स्फटिक शोधणारा जाक बाल्मा आणि गावचा डॉक्टर मिशेल पाकार माथ्यावर पोचले. पुढच्या वर्षी स्वतः सोस्यूर अठरा गाईड घेऊन चढला आणि वर बसून हवेचा दाब मोजत राहिला. १८०८ मध्ये मारी पाराडी ही त्याच गावची बाई माथ्यावर पोचली, माँ ब्लाँ चढणारी ती पहिली स्त्री.

तीन गाईड आणि एक भाकीत

१८२० मध्ये मोठा अपघात झाला. रशियाहून आलेल्या डॉक्टर हामेलच्या तुकडीवर माथ्याच्या खालच्या उतारावर हिमलोट कोसळला. साहेब लोक वाचले, पण तीन गाईड वाहून जाऊन भेगेत गडप झाले. त्यांचे देह सापडले नाहीत. गावाने यातून धडा घेतला आणि १८२१ मध्ये गाईड लोकांची संघटना उभी राहिली. कोणाची पाळी कधी, दर काय, एका पाहुण्यामागे किती गाईड, याचे नियम ठरले. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मदतनिधी सुरू झाला. डोंगरात कोणी गेला किंवा जायबंदी झाला, तर त्याच्या घराला आधार मिळावा म्हणून सगळ्यांनी कमाईतून थोडं थोडं बाजूला काढायचं. ही संघटना दोनशे वर्षांनंतर आजही चालू आहे. परमुलखात राहून एकमेकांसाठी वर्गणी काढणाऱ्या आपल्यासारख्यांना यामागची भावना वेगळी समजावून सांगायला नको.

या अपघाताची पुढची गोष्ट अधिक विलक्षण आहे. १८४२ पासून जेम्स फोर्ब्स नावाचा स्कॉटिश शास्त्रज्ञ मेर द ग्लासवर खुणा रोवून बर्फाचा वेग मोजत होता. त्यावरून हिशेब करून त्याने सांगितलं, की हामेलचे ते तीन गाईड साधारण चाळीस वर्षांनी खालच्या टोकाला बाहेर येतील. आणि खरंच, १८६१ मध्ये, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी, बोसाँ हिमनदीच्या पायथ्याशी मानवी अवशेष, कपड्यांचे आणि टोपीचे तुकडे सापडू लागले. त्या अपघातातून वाचलेला एक गाईड तोवर म्हातारा झाला होता. त्याने आपल्या सोबत्यांना ओळखलं. ते तिघे ऐन तारुण्यात गेले होते, हा मात्र पांढरे केस घेऊन त्यांच्यासमोर उभा होता.

दोरीला बांधलेलं कुटुंब

आता थोडं आमच्या चालण्याविषयी. मोंतांवेरला जायला दातेरी रुळांची छोटी आगगाडी आहे, १९०९ पासून चालणारी. वर उतरून दरीत पाहिलं आणि चिरंजीवांचा चेहरा पडला. "बाबा, हे तर ग्रे आहे!" खरंच होतं. हिमनदीचं खालचं टोक दगड-मातीने झाकलेलं असतं, लांबून ते रस्त्याचं काम अर्धवट टाकल्यासारखं दिसतं. आमचा गाईड हसला. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, मोजकं बोलणारा माणूस. "जवळ चला, मग बोलू," एवढंच म्हणाला.

कड्याला ठोकलेल्या लोखंडी शिड्यांवरून उतरून आम्ही बर्फाशी पोचलो. बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी काट्यांची चौकट, बांधली. डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा, आणि आम्ही तिघे एका दोरीवर. पुढे गाईड. पाय फाकवून, पूर्ण तळवा टेकवत चालायचं, नाहीतर एका पायाचे काटे दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतात. सौ. म्हणाल्या, "बदकांची वरात!" दोरी ताणलेलीही नको आणि पायात लोळणारीही नको, हे सांभाळताना लक्षात आलं, की पंधरा वर्षांच्या संसारातही आम्ही इतकं एकमेकांच्या पावलाकडे बघून चाललो नव्हतो.

थोडं वर गेल्यावर दगड विरळ झाले आणि बर्फाचा रंग उघडा पडला. भेगेच्या आत डोकावलं तर निळा, इतका निळा की कॅमेऱ्यात येईना. एके ठिकाणी वितळलेल्या पाण्याचा ओहोळ बर्फातल्या गोल विहिरीत कोसळत होता. गाईडने आम्हाला लांबच उभं केलं आणि एक दगड आत टाकला. आवाज यायला वेळ लागला. मुलाने माझा हात घट्ट धरला. त्यानंतर "ग्रे आहे"ची तक्रार ऐकू आली नाही.

परतताना गाईडने दरीच्या भिंतीवर बोट दाखवलं. वर, खूप वर, खडकाचा रंग बदलल्याची रेघ होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बर्फ जवळपास तिथवर होता. त्या काळी मोंतांवेरला आलेला पाहुणा थोडं उतरला की हिमनदीवर. १९८८ मध्ये बर्फातली गुहा बघायला जाण्यासाठी केबल-कार बसवली, तेव्हा तिच्या टोकापासून बर्फापर्यंत मोजक्या पायऱ्या होत्या. बर्फ खाली खाली जात राहिला तशा पायऱ्या वाढत गेल्या, पाचशेच्या वर गेल्या. वाटेत सालांच्या पाट्या लावल्या आहेत: अमुक साली बर्फ इथे होता, तमुक साली इथे. शेवटी २०२४ मध्ये दरीत आणखी वरच्या बाजूला नवी केबल-कार सुरू करावी लागली.

आम्ही भारतातले, असं कळल्यावर गाईडने विचारलं, "बाँबे?" मी मान हलवली. तो म्हणाला, "मग उद्या बोसाँ बघा. तुमची माणसं तिकडे आहेत."

मलबार प्रिन्सेस

८ जून १९४८. स्वतंत्र भारताला वर्षही झालेलं नव्हतं. त्या दिवशी एअर-इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीच्या त्या चार पंख्यांच्या विमानाचं नाव 'मलबार प्रिन्सेस'. जे. आर. डी. टाटा स्वतः त्यात होते. आज आपण दोह्याहून रात्री बसून सकाळी लंडनला उतरतो, त्या वहिवाटेवर भारतीय कंपनीने टाकलेलं हे पहिलं पाऊल.

तेच विमान ३ नोव्हेंबर १९५० च्या सकाळी कैरोहून जिनिव्हाकडे येत असताना वादळी हवेत माँ ब्लाँच्या माथ्याजवळ, तूर्नेत नावाच्या खडकांपाशी, साडेचार हजार मीटरहून अधिक उंचीवर आदळलं. ४० प्रवासी आणि ८ कर्मचारी, एकूण ४८ जण गेले. प्रवाशांत बहुतेक सगळे भारतीय खलाशी होते, ब्रिटनमध्ये आपापल्या बोटींवर रुजू व्हायला निघालेले. पर्यटक नव्हेत, धनिक नव्हेत. करार हातात घेऊन नोकरीवर निघालेली माणसं. तुमच्या-माझ्यासारखीच!

वादळ थांबेना. तरीही शामोनीहून बचाव तुकडी निघाली. तिच्या पुढे होता रेने पायो हा नामवंत गाईड. वर जाताना तो बर्फात गाडला गेला आणि मरण पावला. वर कोणी जिवंत असण्याची आशा जवळपास नव्हती. ज्यांच्यासाठी तो निघाला होता त्यांची भाषा त्याला येत नव्हती, त्यांचा देश त्याने पाहिला नव्हता. या अपघातावरून सुचलेली हेन्री त्रोया यांची कादंबरी १९५२ मध्ये आली आणि तिच्यावर १९५६ मध्ये 'द माउंटन' हा हॉलिवूडचा चित्रपट निघाला. २००४ मध्ये फ्रान्समध्ये 'मलबार प्रिन्सेस' नावाचाच चित्रपट आला. तिकडे हे नाव आजही लोकांना माहीत आहे. आपल्याकडे किती जणांना आहे?

१९५० चा कतार कसा होता, हेही आठवून बघा. दुखानचं तेल भरून पहिलं जहाज उम्म सईदहून, म्हणजे आजच्या मेसाईदहून, डिसेंबर १९४९ मध्ये बाहेर पडलं होतं. त्याआधी इथले मोती विकायला मुंबईला जात. व्यवहारात चालायचा तो आपला रुपया. आखातात नोकरीला यायचं, ही कल्पना मराठी घरात अजून रुजायची होती. परदेशात कमवायला जायचं म्हणजे बोटीवर जायचं. कोकणात तर घरोघरी 'बोटीवरचा' काका किंवा मामा असे.

कांचनजंगा

दुसरा अपघात आपल्याला जास्त माहीत आहे, एका माणसामुळे. २४ जानेवारी १९६६ रोजी सकाळी एअर इंडियाचं बोइंग ७०७, नाव 'कांचनजंगा', मुंबईहून दिल्ली, बैरुतमार्गे जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात होतं. ते माँ ब्लाँच्या माथ्याच्या जरा खाली आदळलं. पहिल्या अपघाताच्या जागेपासून फार दूर नाही. १०६ प्रवासी आणि ११ कर्मचारी, एकूण ११७. त्यात डॉ. होमी भाभा होते, व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघालेले. वय ५६.

मुंबईत जन्मलेल्या, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तुर्भ्याचं अणुशक्ती केंद्र उभारणाऱ्या या माणसाची ओळख मराठी वाचकांना करून द्यायला नको. अणुशक्तीनगरात वाढलेली काही मंडळी आज दोह्यात आपल्यात आहेतच. योगायोग असा, की १९५५ मध्ये अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावरच्या पहिल्या जागतिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून भाभा याच जिनिव्हात आले होते.

अपघाताबद्दल घातपाताच्या कथा अजून फिरतात, व्हॉट्सॲपवर तर दर जानेवारीत फिरतात. चौकशीत जे निघालं ते असं: विमानाच्या दोन दिशादर्शक रेडिओ-ग्राहकांपैकी एक बैरुतपासूनच बंद होता. त्यामुळे माँ ब्लाँच्या तुलनेत आपण नेमके कुठे आहोत, याचा वैमानिकाचा अंदाज चुकला आणि आपण डोंगर ओलांडला असं समजून त्याने विमान खाली घ्यायला सुरुवात केली. जमिनीवरच्या नियंत्रकाला रडारवर खरी जागा दिसत होती. डोंगर अजून पुढे आहे, हे त्याने सांगितलंही. पण त्या सूचनेचा अर्थ वैमानिकापर्यंत नीट पोचला नाही. दोन परक्या माणसांनी तिसऱ्या भाषेत बोललेलं एक वाक्य, आणि ११७ आयुष्यं. रोज अरबी, मल्याळी, फिलिपिनो सहकाऱ्यांशी इंग्रजीत कामं उरकणाऱ्या आपल्याला हे वाचून अंगावर काटा येतो.

त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पहिल्यांदा पंतप्रधानपदाची शपथ घेतली. लालबहादूर शास्त्री जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते. पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, तुर्भ्याच्या केंद्राला भाभांचं नाव दिलं गेलं. आणि इकडे आखातात १९६६ मध्येच रुपयाचं अवमूल्यन झालं आणि कतारने आपला रुपया सोडला. एका वर्षात किती धागे तुटले!

या विमानातही खलाशांचा मोठा गट होता. हे वाक्य बहुतेक लेखांत येतं आणि लगेच संपतं.

बर्फ हिशेब देतो

दुसऱ्या दिवशी आम्ही बोसाँ गावातून ती हिमनदी पाहिली. माँ ब्लाँच्या माथ्याखालून ती थेट दरीकडे झेपावते, तीन हजार मीटरहून जास्त उतार! त्यामुळे ती वेगाने वाहते. हामेलच्या गाईडना जिने एक्केचाळीस वर्षांनी परत दिलं, तीच ही. दोन्ही विमानं तिच्याच माथ्यावर कोसळली, म्हणून पुढे काय होणार हे फोर्ब्सने जणू आधीच लिहून ठेवलेलं होतं.

१९७८ मध्ये एका फ्रेंच पोलिसाला बर्फात टपालाची पिशवी सापडली, मलबार प्रिन्सेसमधली. अठ्ठावीस वर्षं बर्फात राहिलेली ती पत्रं! वाचता येण्यासारखी पत्रं त्यांच्या पत्त्यांवर रवाना करण्यात आली. नंतरच्या वर्षांत धातूचे पत्रे, चाकं, इंजिनाचे भाग येत राहिले. ऑगस्ट २०१२ मध्ये 'कांचनजंगा'तली राजनैतिक टपालाची पिशवी सापडली, भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का असलेली. आत वर्तमानपत्रं, कॅलेंडरं. पॅरिसच्या आपल्या दूतावासाकडे ती सोपवली गेली.

२०१३ मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला धातूची पेटी मिळाली. तिच्यात पाचू, नीलम, माणिक! त्याने ती सरळ पोलिसांच्या स्वाधीन केली. वारसांचा शोध घेण्यात आठ वर्षं गेली. कोणी मिळालं नाही, तेव्हा २०२१ च्या अखेरीस कायद्याप्रमाणे रत्नं त्याच्यात आणि शामोनीच्या नगरपालिकेत निम्मी निम्मी वाटली गेली. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे दीड लाख युरोंचा ऐवज आला. २०१७ मध्ये मानवी अवशेषही आढळले. २०२० मध्ये हिमनदीशेजारी उपाहारगृह चालवणाऱ्या माणसाला भारतीय वर्तमानपत्रांचा गठ्ठा मिळाला. मथळे इंदिरा गांधींच्या निवडीचे. चोपन्न वर्षांनी बर्फातून बाहेर आलेली ती ताजी बातमी त्याने उन्हात वाळत घातली.

हवा तापते आहे, त्यामुळे बर्फाचा हा हिशेब आता घाईने चुकता होतो आहे. आल्प्समधल्या हिमनद्या आक्रसत चालल्या आहेत, आणि जे अजून काही दशकं आत राहिलं असतं ते लवकर उघडं पडतं आहे. हिमनदीच नाहीशी झाली, तर परत द्यायलाही कोणी उरणार नाही.

आपल्या घरातलं टपाल

शामोनीत राहून राहून एक विचार येत होता. इथे दोह्यात आपल्यापैकी कोणाचं काही बरंवाईट झालं, तर दूतावासाच्या छत्राखाली काम करणारा इंडियन कम्युनिटी बेनेव्होलंट फोरम आणि कितीतरी स्वयंसेवक धावपळ करतात. कागद, सह्या, विमानाची जागा. का? तर घरच्यांना शेवटचं तोंड बघता यावं. त्या खलाशांच्या घरी तेवढंही पोचलं नाही. पोचली असेल ती तार. पाठवलेल्या पैशांवर चाललेलं घर, वाट बघणारी बायको, 'बाबा बोटीवर गेलेत' म्हणून सांगितलेलं मूल, हे सगळं एका तारेत थांबलं असणार. रत्नांच्या पेटीला वारस शोधायला आठ वर्षं दिली गेली. खलाशाच्या पत्र्याच्या ट्रंकेला कोण वारस शोधणार?

भाभांच्या नावाने संस्था आहे, हे योग्यच आहे. पायोचं नाव शामोनी विसरलेली नाही, तेही योग्य. पण परदेशात कमवायला गेलेल्या माणसाचा इतिहास संस्था लिहीत नाहीत, तो घरातच लिहावा लागतो. आपल्या मंडळातल्या कितीतरी कुटुंबांचं मूळ रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमध्ये आहे. कोणाचे आजोबा बोटीवर होते, कोणाचे काका एडन-बसऱ्याला होते, कोणाच्या घरी माळ्यावर जुन्या करारांचे, पत्रांचे कागद अजून असतील. येत्या सुट्टीत घरी गेलात की एक दिवस त्यांच्यासाठी ठेवा. आजी-आजोबा आहेत तोवर त्यांना नावं, गावं, बोटींची नावं, सालं विचारा आणि वहीत उतरवून घ्या. फोटोच्या मागे कोण कोण आहे ते पेन्सिलीने लिहा. १९५० किंवा १९६६ च्या त्या विमानांत कोणी ओळखीचं होतं असं घरात कधी बोललं गेलं असेल, तर तेही लिहा आणि पुढच्या अंकासाठी द्या.

आणि शामोनीला गेलात तर जरूर जा हिमनदीवर, पण नोंदणी असलेला गाईड घेऊनच. एकट्याने नको, मुलं बरोबर असतील तर मुळीच नको, कारण ताज्या बर्फाखाली भेग कुठे आहे ते आपल्याला दिसत नाही. जून ते सप्टेंबर हा काळ चांगला. गरम कपडे आपल्याकडे कमीच असतात, पण बूट आणि क्रॅम्पॉन तिथे भाड्याने मिळतात. बर्फावर कागद, कापड, धातूचा तुकडा, काहीही दिसलं, तर आठवण म्हणून खिशात घालू नका. गाईडला दाखवा, पोलिसांकडे द्या. ते कोणाचं तरी टपाल असू शकतं, अजून वाटेत असलेलं.